पॉइंट २२ रायफलचे मिसफायर: पावसाळ्यातल्या एका केसचा पूर्ण हिशोब

जून उजाडला की आमच्या नेमबाजीच्या रेंजवर कुणाचा शॉट वाजला नाही, म्हणजे मिसफायर झाला, की शेजारचा लगेच म्हणतो, "हवेत ओल आहे, गोळ्या सर्दावल्यात." मग लॉट (एका खेपेत बनलेल्या गोळ्या) बदला, नवीन बॉक्स फोडा, जमलं तर स्प्रिंग मागवा, आणि तोपर्यंत प्रॅक्टिस बंद. मुंबईत जुलैत एका महिन्यात ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवा कायम चिकट, त्यामुळे पावसाला दोष देणं सगळ्यांना पटतं आणि कुणी पुढे विचारत नाही. पण मला हे उत्तर पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला खाली लिहिलेली केस पुरेशी आहे. सगळं नीट लिहून ठेवतोय कारण असलं काही मराठीत शोधायला गेलं तर हाताला काहीच लागत नाही.

नेमबाज मुलगी आहे, मुलुंडची, कॉलेज संपवून नोकरीला लागलेली, स्वतःची पॉइंट २२ची मॅच रायफल, ५० मीटर प्रोन (पोटावर झोपून) मारते आणि मनापासून मारते. आपल्याकडे या इव्हेंटला एक वेगळं वजन आहे, कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली आणि २०२४ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ आणलं, त्यानंतर रेंजवर रायफल घेऊन येणारी पोरं वाढलीत. तर हिचं सगळं छान चाललं होतं, आणि जूनच्या शेवटाला मिसफायर सुरू झाले. आधी बॉक्समध्ये एखादा, मग ५० च्या बॉक्समध्ये चार-पाच, मग एका दिवशी त्याहून जास्त. ट्रिगर सुटतो, टक् असा आवाज येतो आणि पुढे काही नाही. कधी तीच गोळी परत मारली की वाजते, कधी चार वेळा मारून पण ढिम्म.

स्पर्धा तोंडावर. प्रोनच्या मॅचला ६० शॉट आणि ५० मिनिटं असतात. मिसफायर झाला की लगेच बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) उघडायचा नसतो, रायफल टार्गेटकडेच रोखून कमीत कमी ३० सेकंद थांबायचं असतं, आमच्याकडे पूर्ण एक मिनिट थांबवतात. कारण हँगफायर. म्हणजे प्रायमर (फटक्यानं पेटणारं मिश्रण) पेटलाय पण पावडर उशिरा धरतेय, आणि तुम्ही घाईत बोल्ट मागे ओढला आणि तेव्हाच ती वाजली तर पितळेची केस, म्हणजे काडतुसाचं कवच, चेंबरच्या (नळीत गोळी बसते त्या जागेच्या) बाहेर, बिनआधाराची फुटते आणि तुकडे तोंडाकडे येतात. हे थांबणं टाळायचं नाही म्हणजे नाही. पण मॅचमध्ये सात मिसफायर झाले तर सात मिनिटं गेली, आणि मिनिटांपेक्षा वाईट म्हणजे डोकं गेलं.

आता गोळीच्या आत काय असतं ते थोडक्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही. पॉइंट २२ ही रिमफायर. मोठ्या रायफलच्या काडतुसाला बुडाला मधोमध वेगळा प्रायमर बसवलेला असतो, इथे तसं नसतं, इथे बुडाची जी कडा बाहेर आलेली असते, रिम, ती आतून पोकळ असते आणि प्रायमरचं मिश्रण त्या पोकळीत भरलेलं असतं. कारखान्यात ओलं मिश्रण केसमध्ये टाकून केस गरागरा फिरवतात म्हणजे ते कडेला सगळीकडे पसरतं. फायरिंग पिन रिमवर एका जागी आदळते, रिम चेपते, मिश्रण पेटतं, मग पावडर पेटते. यात दोन गोष्टी आल्या. एक, मिश्रण रिममध्ये सगळीकडे सारखं पसरलं नसेल आणि पिन नेमकी रिकाम्या जागी पडली तर चांगली गोळीसुद्धा वाजत नाही, थोडी फिरवून परत लावली की वाजते. दोन, शिशाची गोळी केसमध्ये फक्त मागच्या बारीक टाचेवर धरलेली असते, पुढचा भाग केसच्याच जाडीचा असतो आणि त्यावर बाहेरून मेण किंवा चरबीसारखं वंगण लावलेलं असतं. तो सांधा पाण्याच्या टाकीसारखा सीलबंद नसतो. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रेंजवर सगळ्यांची मतं झाली. एक म्हणाला लॉट खराब, दुसरा म्हणाला फायरिंग पिनची स्प्रिंग मेली, बाहेरून मागव. ती स्प्रिंग बाहेरून यायला महिने लागतात आणि पैसे लागतात ते वेगळे. लॉटची शंका काढायला सोपी होती, कारण त्याच लॉटचे बॉक्स क्लबातल्या आणखी दोघांकडे होते आणि त्यांना काही त्रास नव्हता. पण ही साधी चौकशी कुणी केलीच नव्हती.

मी रायफली बघतो म्हणजे माझं काही दुकान नाही, नोकरी मशीन मेंटेनन्सची, आणि रविवारी क्लबातल्या रायफलींचं साफसूफ मी आणि आमचे आर्मरर (शस्त्रांची देखभाल करणारे) काका मिळून करतो. आमच्या कोच सरांनी मला सांगितलं की जरा हिचं बघ. मी तिला पहिलं एवढंच सांगितलं की न वाजलेली एकही गोळी फेकायची नाही, सगळ्या वेगळ्या डबीत जमा कर, ज्या दुसऱ्यांदा मारल्यावर वाजल्या त्यांच्या रिकाम्या केसपण वेगळ्या ठेव, आणि कुठल्या बॉक्सची कुठली ते लिही. तिनं मनापासून केलं. तशीही रजिस्टरमध्ये प्रत्येक काडतुसाचा हिशोब लागतो, न वाजलेलं काडतूस पण हिशोबातच असतं, ते खिशात घालून घरी न्यायची गोष्ट नाही.

आणि त्याच आठवड्यात तो प्रसंग झाला ज्यानं सगळेच गंभीर झाले. मी मागेच उभा होतो. तिनं शॉट सोडला, आवाज आला पण नेहमीचा नाही, फट् असा, दिवाळीतला फुसका बार असतो ना तसा. मॉनिटरवर काही उमटलं नाही. ती सवयीनं बोल्ट उघडून पुढची गोळी हातात घ्यायला गेली आणि सर ओरडले, "थांब! पुढची लावू नको!" रेंज ऑफिसरनी तिची फायरिंगची जागा बंद केली. मिनिटभर थांबून बोल्ट काढला, मागून टॉर्च मारला तर उजेड पुढे जात नव्हता. नळीत गोळी अडकलेली. याला स्क्विब म्हणतात, दाब इतका कमी की गोळी बाहेरच पडत नाही. यावर दुसरा शॉट मारला असता तर नळी त्या जागी फुगली असती, रायफल गेली असती, आणि जवळ तोंड टेकून झोपलेल्या माणसाला काय झालं असतं ते मला लिहायचं नाही. आवाज वेगळा आला की हात थांबलाच पाहिजे, मग मॅच असो नाहीतर काही असो.

गोळी काकांनी बोल्ट काढून, नळीच्या मापाच्या पितळी रॉडनं हळूहळू ढकलून बाहेर काढली. दुसरी गोळी मारून आतली काढू असला विचार कुणी चुकून पण करू नका. नंतर मागून पांढरा कोरडा पॅच (कापडाचा तुकडा) फिरवला आणि तो पॅच मी अजून ठेवलाय. त्यावर पावडरचे न जळलेले दाणे होते, बारीक चपटे, करडे-हिरवट, आणि ते सुटे नव्हते, एकमेकांना चिकटून छोट्या छोट्या गुठळ्या झालेल्या. पॅचवर त्या गुठळ्यांभोवती पिवळसर पारदर्शक डाग पसरत गेला. पाण्याचा डाग वाळला असता, हा संध्याकाळपर्यंत तसाच होता. बोट लावलं, तेल. इथे पहिल्यांदा माझी खात्री पटली की हा पाऊस नाही.

मग डबी उघडली. न वाजलेल्या गोळ्या टेबलावर रबरी मॅटवर ओळीनं ठेवल्या, सोनाराकडचं भिंग घेतलं आणि एकेका रिमवरचा पिनचा ठसा बघितला. अर्ध्या तासात दोन गट झाले, वाद घालायला जागाच नव्हती. एका गटात ठसा उथळ, रिम नुसती किंचित दबलेली, कडेला चकाकी तशीच. यातल्या बऱ्याच गोळ्यांची भावंडं दुसऱ्या फटक्यात वाजली होती, त्या रिकाम्या केसवर दोन ठसे दिसत होते, पहिला उथळ आणि दुसरा जरा खोल. दुसऱ्या गटात ठसा चांगला खोल, रिम पूर्ण चेपलेली, काही गोळ्यांवर असे तीन-तीन चार-चार ठसे वेगवेगळ्या जागी, तरी वाजली नाही. म्हणजे पिननं आपलं काम केलंय आणि गोळी मेलेली आहे.

एकाच रायफलवर दोन वेगळे आजार. आणि म्हणूनच आठवडाभर कुणाला उलगडा होत नव्हता, कारण लॉटवाला पण थोडा बरोबर दिसायचा आणि स्प्रिंगवाला पण.

नुसतं बघून समाधान मानायचं नाही म्हणून अदलाबदल केली. तिच्या बॉक्समधल्या गोळ्या क्लबच्या चांगल्या रायफलमध्ये: बहुतेक वाजल्या, पण काही खोल ठसा घेऊनही गप्प बसल्या. दुसऱ्या सभासदाच्या बॉक्समधल्या, त्याच लॉटच्या गोळ्या तिच्या रायफलमध्ये, रायफलला हात न लावता: त्यातल्याही काही टक् करून थांबल्या, पण सगळ्याच्या सगळ्या दुसऱ्या फटक्यात वाजल्या आणि ठसा उथळ. झालं, रायफलचा दोष वेगळा आणि गोळ्यांचा दोष वेगळा हे हातात आलं. लॉट सुटला. मला वाटतं ही अदलाबदल पहिल्याच दिवशी झाली असती तर तो स्क्विब झालाच नसता.

आधी रायफल. बोल्ट उघडला आणि फायरिंग पिन बाहेर काढायला गेलो तर ती सरकन यायला हवी ती चिकटून चिकटून आली. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये काळपट चिकट थर, त्यात जळलेल्या पावडरची काजळी, गोळीवरचं मेण, कापडाचे धागे, आणि सगळ्याला बांधून ठेवणारं जुनं तेल. स्प्रे कॅनमधलं सर्वकामाचं तेल होतं ते, जे आपण घरी दाराच्या बिजागरीला मारतो. ते मारताना पाण्यासारखं पातळ असतं म्हणून लोकांना वाटतं किती छान आत गेलं, पण त्यातला पातळ भाग उडून जातो आणि मागे राहतो तो थर दिवसेंदिवस दाट होत जातो. पिन पुढे जाते पण तिचा वेग मार खातो, आणि रिमफायरला वेग कमी म्हणजे ठसा उथळ.

हे दाखवायला एक सोपी टेस्ट आहे. एक वाजलेली रिकामी केस घ्यायची, रिमचा कोरा भाग पिनसमोर येईल अशी चेंबरमध्ये ठेवायची आणि ट्रिगर ओढायचा. साफ करायच्या आधी एक ठसा घेतला, मग बोल्टचे सगळे भाग सॉल्व्हंटमध्ये धुवून, पूर्ण कोरडे करून, स्प्रिंगवर आणि पिनवर जवळपास काहीच न लावता परत जोडले आणि त्याच केसवर शेजारी दुसरा ठसा घेतला. भिंग नको, नुसत्या डोळ्याला फरक दिसत होता. ती केस मी तिच्या हातात दिली आणि ती म्हणाली, "काका, एवढा?" एवढा. स्प्रिंगची लांबी मोजली, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापात होती, बदलायची गरज नव्हती. चेंबरच्या पुढे मेण आणि शिशाचं थोडं कडं जमलं होतं, ते पण काढलं. हे कडं वाढलं की गोळी पूर्ण आत बसत नाही आणि पिनचा पहिला फटका गोळीला पुढे ढकलण्यातच खर्च होतो, दुसऱ्या फटक्याला ती वाजते. तिच्या बाबतीत ते बारीक होतं, मुख्य गुन्हेगार चिकट बोल्टच.

आता गोळ्या. तेल आत गेलंय हे माहीत, पण गेलं कसं? मी तिला विचारलं गोळ्या कुठे ठेवता, तर म्हणाली ते सगळं बाबा बघतात. बाबा पुढच्या रविवारी आले. अतिशय सज्जन माणूस, रेल्वेतून रिटायर, मुलीच्या नेमबाजीसाठी काय वाटेल ते करणारे. मी विचारलं, "काका, गोळ्यांना काही लावता का?" तर त्यांनी पिशवीतून एक फडकं काढून दाखवलं, नीट घडी घातलेलं, शिलाई मशीनच्या तेलात भिजलेलं. म्हणाले, "पावसात पितळ कळकतं हो, हिरवं पडतं. म्हणून प्रत्येक गोळी पुसून ठेवतो. रायफललापण रोज मारतो, गंज नको."

मला क्षणभर काय बोलावं कळेना. रात्री बसून ५० च्या ५० गोळ्या एकेक करून पुसणारा बाप, आणि त्या पुसण्यातच सगळं. मी त्यांना समजावलं, आणि त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, उलट एकेक प्रश्न विचारले. त्यांना रोज तेल का मारावं लागायचं ते पण तिथेच उलगडलं, आणि माझ्या मते या केसचं मूळ ते आहे. ते मुलुंडहून एसी लावून गाडीनं यायचे, रायफलची पेटी आणि गोळ्या मागच्या सीटवर. तासाभरात सगळं लोखंड-पितळ २२-२३ डिग्रीपर्यंत गार. रेंजवर उतरून लगेच पेटी उघडायची, बाहेर हवा ३० डिग्री आणि आर्द्रता ८५ टक्के, म्हणजे दवबिंदू २७च्या आसपास. त्याहून गार धातू उघडा पडला की त्यावर पाणी धरणारच. बाबांना रोज नळीवर दव दिसायचं, बॉक्समधल्या गोळ्या ओलसर लागायच्या, ते घाबरून तेल मारायचे. त्यात समुद्राची खारी हवा, गंज लागायला वेळ लागत नाही, त्यामुळे त्यांची भीती चुकीची नव्हती. दोन्ही आजार, चिकट बोल्ट आणि मेलेल्या गोळ्या, त्या एकाच काळजीतून आले.

पाणी आणि तेल यात फरक असा की दव धरलं तरी पुसलं किंवा वाळलं की विषय संपतो, तेवढ्यानं कारखान्याची चांगली गोळी सहसा मरत नाही. तेल मात्र उडत नाही. ते गोळी आणि केसच्या सांध्यात बसतं आणि समईच्या वातीत तेल चढतं तसं आत चढत राहतं, दिवसेंदिवस. थोडं आत गेलं तर पावडरचे दाणे माखतात, नीट पेटत नाहीत, मग आवाज वेगळा येतो, गोळी टार्गेटवर खाली लागते, फारच झालं तर स्क्विब. रिमपर्यंत पोचलं तर प्रायमरच बधिर होतो. तरी प्रायमर काही एका थेंबानं मरत नाही, म्हणून ५० मधल्या बऱ्याच गोळ्या व्यवस्थित वाजत होत्या, आणि म्हणूनच कुणाला गोळ्यांवर संशय पक्का करता येत नव्हता. तिच्या डायरीत मागे बघितलं तर मिसफायर सुरू व्हायच्या आधी दोन-तीन आठवडे काही शॉट विनाकारण सहाच्या दिशेला, खाली गेलेले लिहिले होते. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, वेग थोडा जरी कमी झाला तरी शॉट तिथून बाहेर. ती बिचारी स्वतःच्या श्वासाला दोष देत बसली होती.

ही सगळी गोष्ट मी माझ्या आतेभावाला सांगितली, तो बरीच वर्षं टेक्सासला आहे आणि तिकडे स्वतःची मोठ्या रायफलची, पॉइंट ३०८ ची काडतुसं हातानं भरतो, तिकडे ते कायदेशीर आणि घरोघरी चालणारं काम आहे. आपल्याकडे १९५९च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे काडतुसं बनवायलाच लायसन्स लागतं त्यामुळे क्लबात हा विषय नाही, पण त्याचं ऐकून मला पटलं की दोष शोधायची रीत तीच आहे. तो म्हणाला, "दादा, आमच्याकडेपण पहिला प्रश्न हाच, ठसा कसा आहे?" ठसा खोल आणि गोळी गप्प असेल तर भरताना काहीतरी आत गेलंय. रिकाम्या केसला परत मापात आणताना जे वंगण लावतात ते केसच्या तोंडाशी आत राहिलं की पावडर त्याला चिकटते. केस पाण्यात धुवून नीट वाळवल्या नाहीत तर प्रायमरच्या खाचेत ओल राहते. मक्याच्या किंवा अक्रोडाच्या भुश्यात घोळून चकचकीत केल्या तर एखादा दाणा प्रायमरमधून पावडरकडे जाणाऱ्या बारीक भोकात अडकतो आणि ठिणगी पुढे जातच नाही. ठसा उथळ असेल किंवा दुसऱ्या फटक्यात वाजत असेल तर बहुतेक वेळा प्रायमर खाचेच्या तळापर्यंत बसलेला नसतो, पहिला फटका त्याला आत ढकलण्यात जातो. तो बसवल्यावर बोट फिरवून बघतात, केसच्या बुडापेक्षा इंचाचे ३ ते ५ हजारावे भाग खाली लागला पाहिजे. किंवा केसचा खांदा (जिथे ती तोंडाकडे निमुळती होते) मापात आणताना जास्त मागे ढकलला गेला, मग सगळं काडतूसच पिनच्या फटक्यानं पुढे सरकतं. आमच्या चेंबरमधल्या शिशाच्या कड्याचा हा सख्खा भाऊ.

पावडरबद्दल मात्र त्याचा आवाज बदलला. तेल-पाण्यानं पावडर मरते ते एक वेळ परवडलं, पण दुसऱ्या जातीची पावडर मिसळली गेली तर ती मरत नाही, उलट दाब कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा, काम संपलं की भरायच्या यंत्रातली उरलेली पावडर लगेच त्याच्याच मूळ डब्यात, रात्रभर यंत्रात ठेवायची नाही, आणि डब्यावरचं लेबल गेलं किंवा जरा जरी शंका आली की सगळी बाद. किती महागाची आहे हे बघायचं नाही. डबा उघडल्यावर आंबट, नाकाला झोंबणारा वास आला, आत तांबूस धूळ किंवा लालसर वाफ दिसली तर ती पावडर जुनी होऊन स्वतःच सडतेय, ती पण बाद. त्यानं सांगितलेल्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते म्हणजे संशयित काडतूस त्याच्याकडेही कुणी "मारून बघू" म्हणून मारत नाहीत, त्या बॅचचं सगळं बाजूला काढतात. आम्ही तिचे बॉक्स क्लबच्या रायफलमध्ये टेस्ट केले ते आर्मरर काका आणि सर दोघं शेजारी उभे राहून, प्रत्येक शॉटनंतर नळी बघून, डोळ्याला चष्मा लावून. एकट्यानं करायचं काम ते नव्हे.

तिच्या बाबांनी पुसलेले सगळे बॉक्स, वाजणारे न वाजणारे न बघता, आम्ही बाद केले. पैशाच्या हिशोबानं जड गेलं, इंपोर्टेड मॅच गोळ्या आहेत त्या. पण वाजणाऱ्या गोळ्यांमधूनच तो स्क्विब आला होता, मग त्यातली कुठली विश्वासाची हे ठरवणार कसं? न वाजलेल्या आणि बाद केलेल्या अशा सगळ्यांची रजिस्टरला नोंद करून त्या नियमाप्रमाणे जमा करायला दिल्या. कुणी पक्कड घेऊन उघडून बघू म्हणत होता, आर्मरर काकांनी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. रिमफायरचं प्रायमर रिममध्येच आहे, ती चेपली की पेटते, पक्कड म्हणजे चेपणंच.

आता बाप-लेक घरून निघताना गोळ्यांचे बंद बॉक्स हवाबंद डब्यात ठेवतात, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या रंग बदलल्या की तापवून परत. रेंजवर आल्यावर रायफलची पेटी आणि डबा न उघडता अर्धा तास सावलीत पडू देतात, धातू बाहेरच्या हवेच्या तापमानाला आला की दव धरत नाही. नळीला बाहेरून पातळ थर, आतून मारून झाल्यावर साफ करून एक तेलाचा पॅच आणि मारायच्या आधी दोन कोरडे. बोल्टच्या आत तेल नाही. गोळ्यांना फडकं नाही. बाबांनी ते फडकं आता रायफलच्या बाहेरच्या स्क्रूंसाठी ठेवलंय आणि त्यावर मार्करनं तसं लिहिलंय.

साफ बोल्ट, त्याच लॉटचे न पुसलेले बॉक्स, पूर्ण मॅचएवढे शॉट आणि वर सायटर (मॅचआधीचे सरावाचे शॉट), एकही मिसफायर नाही. पण पोरीचा त्रास लगेच संपला नाही. इतके दिवस टक् ऐकून ऐकून तिचं बोट आणि खांदा आधीच आकसायला लागले होते. मिसफायर झाला की हे दिसतं, शॉट वाजत नाही त्यामुळे धक्का नसतो, आणि तरी नळीचं टोक खाली जातं. सरांनी ते तेव्हाच टिपलं होतं. मग त्यांनी तिला बरेच दिवस नुसतं ड्राय प्रॅक्टिसवर (गोळी न लावता ट्रिगर ओढायचा सराव) ठेवलं, रिमफायरच्या चेंबरची कडा पिननं खराब होते म्हणून चेंबरमध्ये वाजलेली केस ठेवून. तिचा स्कोअर परत जुन्या जागी यायला रायफल दुरुस्त होण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

सप्टेंबरमध्ये तिचा एक मिसफायर झाला. तिनं रायफल रोखून मिनिटभर थांबून बोल्ट उघडला, गोळी भिंगाखाली बघितली, ठसा खोल, गोळी कोरडी, थोडी फिरवून परत लावली आणि ती वाजली. प्रायमर त्या जागी पसरलं नसणार, एवढं चांगल्या लॉटमध्येपण होतं. तिनं डायरीत बॉक्सचा नंबर, ठशाची जागा आणि "दुसऱ्या जागी वाजली" असं लिहिलं आणि पुढचा शॉट घेतला.